ताटलीला मावशी म्हणणारी माणसं

माझ्या सुनेने केर काढणाऱ्या यंत्राची माफी मागितली, तेव्हा मला अमेरिकेत, मुलाकडे फ्रिस्कोत येऊन आठवडाही झाला नव्हता. यंत्र म्हणजे काय, तर जेवणाच्या ताटाएवढी एक गोल चकती. बटण दाबलं की ती दोन सूर काढून निघायची आणि गालिच्यावरचा केर पोटात घेत घरभर फिरायची. भिंत लागली की मागे यायची, वळायची आणि दुसऱ्या भिंतीला जाऊन लागायची. सून फोनवर बोलत स्वयंपाकघरातून येत होती. तिचा पाय चकतीला लागला. ती थांबली, वाकली आणि अगदी मनापासून म्हणाली, “सॉरी मावशी, लागलं का?” त्याच सकाळी तिच्या हातून माझ्या पायावर गरम चहा सांडला होता, तेव्हा “ओह, टिश्यू घ्या ना आई” एवढ्यावरच भागलं होतं. मी चकतीला वाट करून दिली. नवी पाहुणी होते.

साल दोन हजार सहा. मावशी हे नाव मुलाच्या मित्रमंडळींनी एका शनिवारच्या जेवणात ठेवलं होतं, आणि सगळ्यांना ते फार गोड वाटलं होतं. आमच्यात मावशी म्हणजे आईची बहीण, किंवा जिला पगार वाढवून द्यायचा नसतो ती कामवाली. ही चकती येण्याआधी त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा एक मेक्सिकन बाई झाडपूस करायला यायची. तिला सगळे ‘क्लीनिंग लेडी’ म्हणत. तिचं नाव काय होतं म्हणून मी विचारलं, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. हाडामांसाच्या बाईला हुद्दा आणि ताटलीला नातं! मी तिला शेवटपर्यंत ताटलीच म्हटलं, निदान मनात.

हे खूळ ताटलीपुरतं नव्हतं. मुलाच्या गाडीत काचेला चिकटवलेला एक डबा होता, त्यातून एक बाई रस्ता सांगायची. वळण चुकलं की ती “रीकॅल्क्युलेटिंग” म्हणायची. मागच्या सीटवरून मुलाचा मित्र ओरडायचा, “यार, चिडली बघ ती! टोन बघ ना तिचा!” हा मित्र दर शनिवारी घरी असायचा. मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्याचं मत तयार असायचं. मी कान देऊन ऐकलं. पहिल्या चुकीला जो सूर होता, तोच पाचव्या चुकीला. पण सून म्हणाली, “आई, हे माझं ऐकत नाहीत, तिचं बरोबर ऐकतात,” आणि तिच्या हसण्यात थोडी खरीच असूया होती. विजेच्या कंपनीला फोन लावला की तिकडून एक यंत्र बोलायचं. त्याला माझा मुलगा “येस, प्लीज” म्हणायचा. मी ओव्हन कसा लावायचा हे दुसऱ्यांदा विचारलं, तर मला म्हणायचा, “आई, सांगितलं ना एकदा!”

ह्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती, कारण तीसेक वर्षं मी स्वतःच तसली बाई होते. अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे फोन जोडून द्यायचे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि तोंडात ठरलेली वाक्यं. नंबर सांगा. लाइन एंगेज आहे. तीन मिनिटं झाली. बोला. सुरात राग नको, लाडीगोडी नको, अशी सक्त ताकीद असायची. पण ऐकणाऱ्यांना त्याचं काय! लाइनवर खरखर आली की “आज मॅडमचा मूड नाही” म्हणायचे. कुठे बडनेऱ्याकडे तारेवर झाडाची फांदी पडली, तरी रुसलेली मी. एक कापसाचा व्यापारी रोज मुंबईचा कॉल बुक करायचा. माझ्या ‘बोला’वरून त्याने ठरवून टाकलं होतं की मी गोरी, सडपातळ आणि लाघवी आहे. दिवाळीला तो पेढ्यांचा डबा घेऊन ऑफिसात आला. मी काळीसावळी, जाड भिंगाचा चष्मा आणि वर सातवा महिना. त्याने मला पाहिलं, डबा शिपायाच्या हातात दिला आणि गेला. आवाजाला मनातलं माणूस जोडणारे लोक बावळट असतात, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. आणि जोडलेलं माणूस त्यांना खऱ्यापेक्षा जास्त आवडतं. पेढे मात्र चांगले होते, शिपायाने मला चार दिले.

मी गेले होते ती नातवासाठी. तो तीन वर्षांचा होत आला होता आणि बोलत नव्हता. ‘नो’, ‘मोअर’ आणि ‘बॉल’ एवढेच शब्द, तेही त्याच्या मनात आलं तर. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. डोकं तल्लख होतं, तुकड्यांची चित्रं भराभर जुळवायचा, पण तोंड मिटलेलं. एका आजाराचं नाव त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, इतकी सगळ्यांना त्याची धास्ती होती. सून कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबायची आणि नुसती बसून राहायची. मलाही धास्ती होती. ताटलीवर हसणारी मी, त्या बाबतीत मला हसू येत नव्हतं.

त्याच्यासाठी एक स्पीच थेरपिस्ट लावली होती. तिने सांगितलं होतं की घरात दोन भाषा कानावर पडतात म्हणून मुलाचा गोंधळ होतो, तेव्हा एकच ठेवा, इंग्रजी. हे मला मुलाने जेवणाच्या टेबलावर सांगितलं, ताटाकडे बघत.

“आई, प्लीज, त्याच्याशी मराठी नको बोलूस. फक्त इंग्लिश. सिंपल वर्ड्स. तो कन्फ्यूज होतो.”

“मग सहा महिने मी त्याच्याशी काय बोलू? नंबर प्लीज?”

“आई, सीरियसली सांगतोय.”

मी स्वतः घरात मराठी, गल्लीत वऱ्हाडी आणि बाजारात हिंदी बोलत वाढले, आणि मी गप्प बसले अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. हे मी सांगून पाहिलं. पण अमरावतीच्या बाईचा अनुभव म्हणजे अनुभव नव्हे. तोच फ्रिस्कोत ऑफिस थाटून कुणी फी घेऊन सांगितला असता, तर अनुभव झाला असता. शेवटी पोर त्यांचं आणि भीती त्यांची. मी कबूल झाले.

दोघं ऑफिसला गेली की घरात तो आणि मी. आजी आली म्हणून डेकेअर बंद केलं होतं. माझं इंग्रजी खात्यातलं. ग्राहकाला थोपवायला पुरेल, पण नातवाला मांडीवर घ्यायला ते अपुरं. “ईट. कम. शूज. गुड बॉय.” शब्द चुकू नये म्हणून मी सावकाश, एका सुरात बोलायचे. तो माझ्याकडे बघतसुद्धा नसे. त्याला कशाला दोष देऊ? त्या घरात स्वभाव होता तो ताटलीला, आणि ठरलेले चार शब्द म्हणणारं यंत्र मी होते. तीस वर्षं पगार घेऊन जे केलं, ते आता फुकट करत होते, आणि तेही माझ्या रक्ताच्या नातवाशी.

एका दुपारी मी खाली बसून देवासाठी वाती वळत होते. नातवाने ताटलीचं बटण दाबलं. तेवढं त्याला यायचं आणि आवडायचंही. ती निघाली ती सरळ माझ्याकडे आली आणि वळून ठेवलेल्या सगळ्या वाती गिळून बसली. कापूस मी अमरावतीहून नेला होता. माझा ताबा सुटला.

“अगं ए मावशे! डोळे फुटले का तुझे? देवाच्या वाती खातेस? इकडून जा, इकडून! एवढं घर पडलंय तुला, माझ्याच मांडीत यायचं होतं?”

कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं मराठी एकदम बाहेर पडलं. मावशे म्हणाले, कारण शिव्या द्यायच्या तर नावाने द्याव्यात, आणि त्या घरात तिचं नाव तेच होतं. माझ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या नातवाने गर्रकन मान वळवली. इतक्या दिवसांच्या ‘गुड बॉय’ने जी हलली नव्हती, ती मान. त्याने ताटलीकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि तो खदखदून हसला. मग तिला दोन्ही हातांनी ओढत लांब नेलं, पुन्हा बटण दाबलं आणि पुन्हा ती काय करते म्हणून बघत उभा राहिला.

मी काय ते समजले. नातवाशी मराठी बोलायचं नाही असं मला बजावलं होतं. ताटलीशी बोलायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. लेकी बोले सुने लागे ही तर आमची जुनी विद्या. आमच्या सासूबाईंनी सगळा संसार ह्याच विद्येवर चालवला. शब्द मोडायचा नाही आणि जे बोलायचं ते बोलून घ्यायचं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या गाड्या कोपऱ्यावरून वळल्या की आमचा कार्यक्रम सुरू. तो बटण दाबायचा, ताटली निघायची, तिच्यामागे तो आणि त्याच्यामागे मी. “मावशे, सोफ्याखाली काय गेलं गं? चेंडू! कुणाचा चेंडू? लाल चेंडू. आण बरं बाहेर. नाही येत? मग काय कामाची तू!” भिंतीला लागली की, “आपटलीस? डोळे फुटले का तुझे? वळ आता.” स्वयंपाकघरात आली की तिला मी भाजी सांगायचे, आमटीला फोडणी कशाची ते सांगायचे. ती चार्जिंगला जाऊन बसली की मी तिच्यासमोर बसून तिला गोष्ट सांगायचे. चिमणीची, कोल्ह्याची, नातवाच्या आजोबांनी सायकलवरून नेऊन विहिरीत पाडलेल्या छत्रीची. मी ताटलीकडे बघून बोलायचे आणि तोही ताटलीकडे बघूनच ऐकायचा. तिच्या हिरव्या दिव्यावरून त्याची नजर हलत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. कान इकडे होते ना, मग डोळे कुठे का असेनात.

गोष्ट संपली की मी त्याच्याकडे वळायचे आणि म्हणायचे, “कम. ईट.” शब्द दिला होता.

एकदा मुलगा दुपारीच घरी आला आणि त्याने दारातून मला ताटलीला फोडणी शिकवताना पाहिलं. मी वरमले. वाटलं, आता बोलणार. तो तर खूश झाला! “अरे वा, आईलाही मावशी आवडली!” शनिवारी सगळ्यांना ते सांगून झालं. तो मित्र मान हलवत म्हणाला, “होतंच यार तसं. माझी आई आली होती तेव्हा गाडीतल्या बाईला थँक्यू म्हणायची. एकटेपणा असतो ना, काकू पण ॲटॅच झाल्या.” मला ताटलीचा लळा लागला, ह्यावर सगळ्यांचा ताबडतोब विश्वास बसला. माझ्या नातवाशी बोलायला मला ताटलीचा आडोसा घ्यावा लागतो, हे मात्र त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. ह्या लोकांना म्हणे यंत्रांना विचार करायला शिकवायचं होतं.

मग दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं, अवजारं आणि गाड्या पुजतात. फ्रिस्कोत हत्यार म्हणजे लॅपटॉप. दिवाणखान्यात पाटावर चार लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, रस्ता सांगणारा डबा आणि मधोमध झेंडूचा हार घातलेली ताटली. सोनं म्हणून मागच्या अंगणातल्या कुठल्याशा झाडाची पानं. माणसं वीसेक, मला सोडलं तर सगळे इंजिनियर. सुनेने ताटलीच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. मित्र म्हणाला, “वहिनी, गाडीच्या चाकांना लावतो ना आपण? मग हिच्या पण चाकांना लावा!” लगेच ताटली उलटी केली, आणि सुनेने कालवलेलं कुंकू तिच्या पोटाला बोटांनी सढळ हाताने फासलं. सरळ करून खाली ठेवली. सगळे म्हणाले, “चला मावशी, सीमोल्लंघन!” आणि कुणीतरी बटण दाबलं.

सीमोल्लंघनाला निघालेली ताटली उलटी चालायला लागली. एक वीत मागे गेली, वळली, पुन्हा मागे गेली आणि रडका सूर काढून थांबली. परत बटण दाबलं, परत तेच.

“रुसली!” एक जण म्हणाला.

“लाजली यार, एवढी माणसं बघून.”

“नैवेद्य नाही ना दाखवला!” असं म्हणून एकीने खरोखरच श्रीखंडाची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. सगळे हसत होते, पण नुसती थट्टा नव्हती ती. दोघीतिघींनी वाकून तिला “प्लीज मावशी” म्हटलं. त्यात माझी सून होती. ताटलीच्या पोटाला बारीक काचा असतात, त्यांतून तिला जमीन कळते. ब्रशमध्ये अडकलेले केस काढताना मी त्या रोज पाहायचे. त्यांवर ओलं कुंकू थापल्यावर तिला पुढे खड्डाच दिसणार. इथे कसलं रुसणं आणि कसलं लाजणं! मला बडनेऱ्याची फांदी आठवली. आता बोलावं म्हणून मी उठले.

तेवढ्यात नातू पुढे झाला. एवढ्या पायांच्या गर्दीतून वाट काढून तो ताटलीसमोर उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “अगं ए मावशे! डोळे फुटले का तुझे? इकडून जा, इकडून!”

सून होती तिथे मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मुलगा नुसता उभा. माझ्याही डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही. पोराला वाचा होती. इतके दिवस पोटात धरून ठेवलेली ती भीती त्या एका शिवीने पार पळाली. जन्मात ऐकलेल्या कुठल्याही स्तोत्रापेक्षा मला ती शिवी गोड वाटली.

मग पहिला कंठ फुटला तो मित्राला. “मावशीने बोलतं केलं यार पोराला!”

झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे निघाले. नातवाचा ताटलीबरोबर फोटो, सुनेचा ताटलीबरोबर फोटो, हार सरळ करून नुसत्या ताटलीचा फोटो. ती किती पेशंट आहे, जज करत नाही, मुलांना असंच कुणीतरी लागतं, अशी चर्चा पुरणपोळी वाढेपर्यंत चालली. जज करत नाही म्हणे! वरवंटाही करत नाही. त्या गडबडीत मी ताटली उचलली, पदराने तिचं पोट पुसलं आणि खाली ठेवली. ती गपचूप पुढे चालायला लागली.

“बघा, बघा! काकूंचं ऐकते ती!”

मी कपाळाला हात लावला.

थेरपिस्टकडे जाऊन आल्यावर मुलगा उत्साहात सांगायला लागला. बाईंना फार इंटरेस्टिंग वाटलं होतं. यंत्राची भीती वाटत नाही म्हणून मूल मोकळं होतं. त्याला यंत्राबरोबर भरपूर वेळ घालवू द्या. बाकी घरातला इंग्रजीचा नियम तसाच ठेवा.

“यंत्र मराठी कुठे शिकलं, हे विचारलं का तिने?” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“डोळे फुटले का तुझे, हे ताटलीला कुणी शिकवलं?”

तो जरा गोंधळला. मग समजूत घालावी तसा म्हणाला, “आई, तू बॅकग्राउंडला बोलत असशील ना, ते त्याने पिकअप केलं. पण मेन म्हणजे तो मावशीशी कनेक्ट झालाय.”

मी बॅकग्राउंड. मला राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. माझ्याच पोटचा मुलगा, आणि त्याला ताटलीचा स्वभाव कळत होता. तरी मी भांडले नाही. भांडले असते आणि त्याने ताटलीशीही इंग्रजीच बोल म्हटलं असतं, तर होतं तेही गेलं असतं. मी माझं काम चालू ठेवलं. दिवाळीपर्यंत नातू ताटलीला चेंडू मागत होता, पाणी पिऊन घे म्हणत होता, कोल्ह्याच्या गोष्टीतला शेवट माझ्याआधी म्हणत होता. सगळं तिच्याकडे बघून. माझ्याशी त्याचं बोलणं ‘नो’ आणि ‘मोअर’.

नोव्हेंबरात माझी परत जायची वेळ झाली. विमानतळावर मी त्याला जवळ घेतलं, तर तो शहाण्यासारखा हात हलवून “बाय” म्हणाला, दारात आलेल्या पार्सलवाल्याला म्हणायचा तसं. डोळ्यांत टिपूस नाही. सून म्हणाली, “बघा ना आई, किती मॅच्युअर झालाय.” विमानात मी वाटभर स्वतःची समजूत घालत होते की लहान मुलांना जाणं-येणं कळत नाही. समजूत काही पटत नव्हती.

अमरावतीला दर रविवारी त्यांचा फोन यायचा. नाताळ झाला, संक्रांत जवळ आली, आणि मुलाच्या आवाजातली जुनी काळजी परत ऐकू यायला लागली. आवाजातलं खरं काय आणि ऐकणाऱ्याने जोडलेलं काय, एवढं मला कळतं. हे खरं होतं.

“आई, तो परत बोलत नाहीये. एकदम स्टॉप. मावशीला ऑन करतो, तिच्यामागे फिरतो, ती थांबली की तिच्यासमोर बसून राहतो. वाट बघितल्यासारखा. आणि मग तिला लाथ मारतो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“आम्हाला वाटलं तिचा बीप बिघडला असेल, म्हणून नवं मॉडेल आणलं. आवाज जास्त चांगला आहे. पण तिच्याशीही बोलत नाही. थेरपिस्ट म्हणाली, ॲडजस्टमेंट पिरियड असेल. जुन्या मावशीची पर्सनॅलिटी वेगळी होती ना.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन स्पीकरवर टाकलेला आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं. असतं तरी मी थांबले नसते.

“अरे, डोळे फुटले का तुमचे?” मी ओरडले.

तिकडून धपधप पावलं वाजली. काहीतरी पडलं. मग मुलाचं हसणं ऐकू आलं. “आई, गंमत बघ, तुझा आवाज ऐकून तो धावत गेला आणि मावशीला उलटी केली त्याने. नव्या मावशीला पण केली. खाली काहीतरी शोधतोय.” मागून नातवाचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. “मावशी? मावशी?” मुलाचं हसू अर्ध्यावर थांबलं.

मला एकदम सगळा उलगडा झाला. विमानतळावर त्याने ज्या बाईला हात हलवून निरोप दिला, ती ‘कम, ईट’ म्हणणारी एक परकी म्हातारी होती. गोष्ट सांगणारी, चेंडू शोधणारी, शिव्या देणारी, ती तर त्याच्या लेखी घरीच होती, हिरव्या दिव्याच्या आत. घरी येऊन त्याने बटण दाबलं असणार. आणि ती बोललीच नाही. तेव्हापासून तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता, आणि ही दोन शिकलेली माणसं दुकानात बीप बदलायला गेली होती.

“फोन खाली जमिनीवर ठेव,” मी मुलाला म्हणाले. “त्या जुन्या ताटलीच्या शेजारी. आणि तुम्ही दोघं खोलीबाहेर जा.”

“पण आई, ते लँग्वेजचं…”

“बाहेर जा.”

ठक्क असा आवाज झाला. दार लागल्याचं ऐकू आलं. मग लाइनवर फक्त श्वास, लहान आणि भराभर. पलीकडे माणूस आहे आणि बोलत नाही, असे श्वास मी खूप ऐकले आहेत. अशा वेळी ऑपरेटरने आधी बोलायचं असतं.

“बोल राजा,” मी म्हणाले. “मावशी बोलतेय.”

मग तो रागावून, रडवेल्या आवाजात, चांगल्या मराठीत म्हणाला, “मावशे, कुठे गेली होतीस?”

“इथेच होते रे,” मी म्हणाले. “लाइन लागत नव्हती.”